मुलांच्या पोटातला केसांचा गोळा: ओळखायचा कसा, काढायचा कसा आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं

दहा-अकरा वर्षांची मुलगी. चार घास खाल्ले की ताट सारते, पोट भरलं म्हणते. सहा महिन्यांत वजन वाढायच्या ऐवजी उतरलंय. मधूनच उलटी, तोंडाला वास, चेहरा पांढराफटक. शाळेत जंताची गोळी मिळाली, दवाखान्यातून पित्ताचं औषध आणि टॉनिक झालं, आजीने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. सोनोग्राफीत "पोटात गॅस फार आहे" एवढंच सांगितलं गेलं. मग एक दिवस कुणीतरी तिला टेबलावर आडवं करून बेंबीच्या वर, डाव्या बरगडीखाली नीट हात ठेवतं, आणि हाताला टणक, गुळगुळीत, इकडेतिकडे सरकणारी गाठ लागते. घरच्यांच्या डोळ्यांसमोर कॅन्सर उभा राहतो. प्रत्यक्षात ती गाठ तिनेच वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ गिळलेल्या केसांची असते.

हे कुणा एका मुलीचं वर्णन नाही. अशा अनेक मुलींच्या कहाण्या एकमेकींत मिसळल्या की हेच चित्र तयार होतं. पालक, शिक्षक आणि गावातले फॅमिली डॉक्टर अशा तिघांसाठी हा लेख आहे. ऑपरेशन हा या दुखण्यातला तुलनेने सोपा भाग आहे, हे आधीच सांगून ठेवतो. अवघड असतं ते वेळेवर संशय येणं, आणि नंतर तिचा हात केसांकडे का जातो ते शोधणं.

केस पोटात राहतात कसे

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात आणि आपल्या पोटातलं आम्ल किंवा पाचकरस ते पचवू शकत नाहीत. शिवाय केस गुळगुळीत. जठर आकुंचन पावून अन्न पुढे ढकलतं, पण केस त्या पकडीत येत नाहीत, अस्तराच्या घड्यांमध्ये अडकून बसतात. मोरीच्या जाळीवर काय होतं ते आठवा. पाणी वाहून जातं, केस तेवढे राहतात, मग त्यांच्यावर चिकटा आणि शितं साठत जातात. पोटातही तसंच होतं. केसांत अन्नाचे कण आणि श्लेष्मा गुंततात, ते कुजतात, आणि म्हणून तोंडाला तो विशिष्ट वास येतो. आम्लामुळे केसांचा मूळ रंग कोणताही असला तरी गोळा काळपट होतो. वाढत वाढत तो जठराचाच आकार घेतो, साच्यात ओतल्यासारखा.

वैद्यकशास्त्रात याला ट्रायकोबेझोअर म्हणतात. 'बेझोअर' हा शब्द फारसीतल्या 'पादजहर'वरून आला, अर्थ विषावरचा उतारा. बकऱ्या-हरणांच्या पोटात सापडणारे असे खडे एके काळी राजेरजवाडे विषप्रयोगाच्या भीतीने जवळ बाळगत. जहरमोहरा हा आपल्याकडचा शब्द त्याच समजुतीतला. सतराव्या शतकात तर गोव्यातले जेझुइट पाद्री असे खडे कृत्रिमरीत्या बनवत आणि ते 'गोवा स्टोन' म्हणून युरोपात सोन्याच्या डब्यांतून ठेवले जात. ज्या वस्तूला जगाने औषध मानलं, तीच माणसाच्या पोटात झाली तर जीव धोक्यात आणते.

माणसातल्या केसांच्या गोळ्याची पहिली नोंद 1779 सालची, बोदामां या फ्रेंच डॉक्टरची. 1968 मध्ये व्हॉन आणि सहकाऱ्यांनी जठरातून शेपटीसारखी लांब बट लहान आतड्यात उतरलेल्या रुग्णांचं वर्णन केलं आणि त्याला लांब केसांच्या परीकथेतल्या राजकन्येवरून 'रॅपुन्झेल सिंड्रोम' नाव दिलं. शेपटी हा धोकादायक भाग आहे. आतडं तिला पुढे ओढत राहतं, वरचं टोक मात्र जठरात अडकलेलं. पायजम्याच्या नाडीवर कापड चुण्या पडून गोळा होतं तसं आतडं त्या शेपटीवर गोळा होतं, ताणलेले केस आतड्याच्या भिंतीला कापत जातात आणि भोक पडू शकतं. पित्तनळीचं तोंड दाबलं गेलं तर कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज येते.

नोंदलेल्या रुग्णांत नव्वद टक्क्यांहून जास्त मुली आणि तरुण स्त्रिया असतात आणि बहुतेकींचं वय 10 ते 19 च्या दरम्यान असतं. मुलगा आहे म्हणून शंका सोडून देऊ नका.

पहिली पायरी: पोटाआधी डोकं बघा

पोटदुखी, उलट्या आणि भूक मंदावलेलं मूल समोर आलं की वेणी सोडून डोकं बघायची सवय डॉक्टरांनी लावून घ्यावी. एक मिनिटाचं काम आहे. कानाच्या वर, भांगाजवळ किंवा टाळूवर केस विरळ आहेत का? घरचे अशा जागेला चाई लागली म्हणतात आणि तिथे लसूण चोळत बसतात. फरक ओळखता येतो. चाईत त्वचा गुळगुळीत, चकचकीत दिसते आणि टक्कल गोलाकार असतं. केस ओढल्यामुळे पडलेल्या जागेत वेगवेगळ्या लांबीचे तुटके केस असतात, बोट फिरवलं तर खुंटासारखे टोचतात, आणि कडा वेड्यावाकड्या असतात. बुरशीच्या संसर्गात खपल्या आणि खाज असते.

आईला आणखी एक विचारावं: उशीवर, कंगव्यात, केरात केस सापडतात का? केस नुसते उपटणाऱ्या मुलीच्या उशीखाली, पलंगामागे केसांचे पुंजके सापडतात. डोक्यावर विरळ जागा आहे आणि केस मात्र कुठेच सापडत नाहीत, तर ते कुठे जातात हा प्रश्न पडायलाच हवा. शौचातून केस पडणं ही तर पक्की खूण.

डोकं ठीकठाक दिसलं म्हणून सुटका नाही. काही मुली दाट केसांतून थोडेथोडे उपटतात, काही वेणीचं टोक चघळून तोडतात. काही मुलं धाकट्या भावंडाचे किंवा बाहुलीचे केस, घोंगडीची किंवा गालिच्याची लोकर खातात. स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांत याकडे जास्त लक्ष द्यावं.

दुसरी पायरी: विचारा, पण उलटतपासणी नको

"केस खातेस का गं?" असा प्रश्न आईवडिलांसमोर दरडावून विचारला तर उत्तर "नाही" असंच येतं, आणि पुढचे कित्येक महिने दार बंद होतं. मुलीशी एकटीशी बोला, नर्सताईंना सोबत ठेवा. मी सुचवेन ते वाक्य असं: "बऱ्याच जणींना अभ्यास करताना नाहीतर झोप येताना केसांशी खेळायची सवय असते. काही जणी केस तोंडातही घालतात. तुझं कधी होतं का असं?" मग थांबा. गप्प राहू द्या. मान खाली गेली तर तेही उत्तर आहे.

ती नाही म्हणाली तरी संशय सोडू नये. केस उपटणं पुष्कळदा नकळत होतं, आणि खाण्याची लाज तर इतकी खोल असते की गोळा बाहेर काढल्यावरही काही मुली कबूल करत नाहीत. त्यांना खोटं पाडण्याची गरज नाही.

केस उपटण्याच्या या सवयीला ट्रायकोटिलोमेनिया म्हणतात. अंदाजे शंभरात एक-दोन जणांना ती आयुष्यात कधीतरी असते. त्यातले काहीच केस गिळतात, आणि गिळणाऱ्यांतही अगदी थोड्यांच्या पोटात गोळा तयार होतो. त्यामुळे मुलगी बटेशी चाळा करते म्हणून घाबरून जाऊ नका. पाच वर्षांखालच्या मुलांत, विशेषतः अंगठा चोखता चोखता केस ओढणाऱ्यांत, ही सवय बहुधा आपोआप जाते.

तिसरी पायरी: पोटावर हात

मूल उताणं, गुडघे दुमडलेले, हात कोमट. गाठ असली तर ती पोटाच्या वरच्या भागात, मध्यावर किंवा डावीकडे लागते. कडा स्पष्ट, बाजूला हलवता येते, सहसा फार दुखत नाही, आणि बोटाने दाबल्यावर तिला खळगा पडल्यासारखा वाटतो. प्लीहा वाढली असेल तर ती श्वासाबरोबर खाली सरकते आणि तिची खाच हाताला लागते. आपल्याकडे पोटातला क्षयरोग, लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर), मूत्रपिंडाच्या गाठी हेही डोक्यात ठेवावं लागतं, म्हणून नुसत्या हातावर निदान पक्कं करू नये.

पोट सरकलंय, गोळा आलाय असं म्हणून चोळून घेण्याची पद्धत गावोगावी आहे. गाठ असलेल्या पोटावर ते अजिबात करू नका.

थांबायचं नाही अशी लक्षणं

हिरवी उलटी, पोट फुगून शौच-वारा बंद होणं, पोट लाकडासारखं कडक होणं, उलटीत रक्त किंवा डांबरासारखी काळी शी, पोटदुखीबरोबर ताप, मूल मलूल पडणं. यातलं एकही दिसलं तर तोंडाने पाणीसुद्धा न देता, लहान मुलांचं ऑपरेशन आणि भूल देण्याची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी न्या. आतड्याला भोक पडल्यावर तास महत्त्वाचे असतात.

चौथी पायरी: तपासण्या

रक्तात हिमोग्लोबिन, लोह, प्रथिनं, सोडियम-पोटॅशियम बघावं. लोह कमी असणं नेहमीचं आहे. त्यात एक चक्र असतं: लोहाच्या कमतरतेने अखाद्य वस्तू खाण्याची ओढ वाढू शकते, आणि गोळ्यामुळे खाणं व शोषण घटून लोह आणखी उतरतं. बी-12 आणि अल्ब्युमिनही कधी कधी कमी सापडतात.

सोनोग्राफी स्वस्त आणि निर्धोक, पण इथे फसवी. गोळ्याच्या पुढच्या कडेवर एक चमकदार कमानीसारखी रेघ दिसते आणि तिच्यामागे सगळा काळोख, कारण केसांत अडकलेली हवा लहरी पुढे जाऊ देत नाही. बघणाऱ्याच्या मनात शंका नसेल तर तो "गॅस" म्हणून मोकळा होतो. म्हणून चिठ्ठीवर नुसतं "पोटदुखी" न लिहिता "केस खाल्ल्याचा संशय, पोटाच्या वरच्या भागात गाठ" असं लिहून द्यावं. तपासणी उपाशीपोटी करावी, नाहीतर अन्न आणि गोळा यांत गफलत होते.

सीटी स्कॅन सगळ्यात उपयोगी. जठरात हवेचे बुडबुडे अडकलेली, ठिपकेदार, एकात एक वर्तुळं असावीत तशी गाठ दिसते. स्कॅनमध्ये उठून दिसावं म्हणून तोंडाने दिलेलं औषध तिच्याभोवती पसरतं, आणि गाठीला स्वतःचा रक्तपुरवठा नसल्याने शिरेतून दिलेलं औषध तिच्यात शिरत नाही. कॅन्सरची भीती इथेच जवळजवळ निघून जाते. शिवाय शेपटी किती लांब आहे, आतड्यात दुसरा सुटा गोळा आहे का हेही कळतं. किरणोत्सर्गाची काळजी रास्त आहे, म्हणून लहान मुलांच्या कमी मात्रेत, एकदाच, नीट करून घ्यावा.

तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतून (एंडोस्कोपी) जठर पाहिलं की निदान पक्कं होतं. पण सीटीत चित्र स्पष्ट असेल तर निव्वळ खात्रीसाठी मुलाला वेगळी भूल द्यावी असं मला वाटत नाही.

पाचवी पायरी: काढायचा कसा

आधी काय करू नये ते. जुलाबाचं औषध, एरंडेल, आतड्यांची हालचाल वाढवणारी औषधं, पपईचा चीक, कोला. यातलं काहीही केसांच्या गोळ्यावर चालत नाही. कोला पिऊन गोळा विरघळल्याच्या गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या फळभाज्यांच्या चोथ्याच्या गोळ्यांच्या. केसांना त्याने काही होत नाही. उलट आतडी जोराने चालवली तर तुकडा सुटून पुढे अडकू शकतो.

"दुर्बिणीतून निघणार नाही का?" हा प्रत्येक आईबापाचा प्रश्न, आणि तो साहजिक आहे. 2010 मध्ये 108 रुग्णांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दुर्बिणीने काढण्याचा प्रयत्न झालेल्या 40 जणांपैकी फक्त दोघांत तो यशस्वी झाला. लॅपरोस्कोपीने, म्हणजे पोटावर छोटी छिद्रं पाडून केलेल्या ऑपरेशनाने, आठपैकी सहा जणांत, आणि पोट उघडून केलेल्या ऑपरेशनात 99 टक्क्यांत गोळा निघाला. लॅपरोस्कोपीचं तंत्र त्यानंतर सुधारलं आहे, पण मूळ अडचण तीच राहते: घट्ट विणलेला गोळा अन्ननलिकेतून तुकड्यातुकड्यांनी ओढताना अन्ननलिकेला इजा होते आणि सुटलेले तुकडे आतड्यात जाऊन बसतात. गोळा छोटा, सैल आणि बिनशेपटीचा असेल, तर अनुभवी हातांनी एक प्रयत्न करायला हरकत नाही, मात्र सर्जन तिथे हजर हवा.

मोठा गोळा किंवा शेपटी असेल तर माझं मत सरळ आहे: वरच्या पोटावर छोटा छेद, आणि गोळा अखंड बाहेर. लॅपरोस्कोपीत त्वचेवरचे व्रण लहान दिसतात, पण एवढा गोळा बाहेर काढायला छेद वाढवावाच लागतो आणि कुजलेले केस पोटात सांडण्याची भीती राहते.

आणीबाणी नसेल तर ऑपरेशनला दोन-चार दिवस थांबून क्षार सुधारावेत, हिमोग्लोबिन फारच कमी असेल तर रक्त द्यावं. भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा की मूल बारा तास उपाशी असलं तरी त्याचं जठर भरलेलं आहे. भूल देताना उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका त्यांना आधी माहीत हवा.

ऑपरेशनमध्ये जखमेच्या कडांना प्लॅस्टिकचं संरक्षक कडं लावतात, जठराच्या पुढच्या भिंतीवर छेद घेऊन गोळा हळूहळू उचलतात, आणि शेपटी न तोडता सोबत ओढून घेतात. शेपटी अडली तर ताकद लावायची नाही, आतड्यावर वेगळा छोटा छेद घ्यायचा. शेपटीचं टोक तुटल्यासारखं दिसलं तर उरलेला तुकडा कुठेतरी आहे असं समजून शोधायचा. जठर शिवण्यापूर्वी आतून बोट फिरवायचं आणि लहान आतडं सुरुवातीपासून शेवटापर्यंत हाताखालून घालायचं. ही पाच मिनिटं वाचवू नयेत. मागे राहिलेल्या सुट्या गोळ्यासाठी दुसऱ्यांदा पोट उघडावं लागलं, तर ती चूक मुलीने भोगायची असते.

नाकातली नळी थोडे दिवस राहते, मग पाणी, पेज, मऊ भात असं खाणं वाढवतात. गुंतागुंत नसेल तर साधारण आठवड्याभरात घरी जाता येतं. जखमेत पू होणं हा सर्वांत जास्त दिसणारा त्रास. बरेच महिने उपासमार झालेल्या मुलीला एकदम भरपूर खाऊ घालू नका, क्षार बिघडू शकतात. महाराष्ट्रात खर्चाचा प्रश्न असेल तर भरती होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल चौकशी करा, डिस्चार्जच्या दिवशी नको.

आता एक कळकळीची विनंती. ट्रेमध्ये ठेवलेला तो गोळा नातेवाइकांना दाखवू नका, त्याचे फोटो मोबाइलवर फिरवू नका. वजनाच्या आकड्यासह बातम्या छापून येतात, कधी मुलीचं गाव आणि वयही. त्या मुलीला त्याच शाळेत परत जायचं असतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 उपचाराच्या माहितीची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानतो आणि संमतीशिवाय फोटो वा माहिती माध्यमांना देण्याला मनाई करतो. डॉक्टरांनीही हा मोह टाळायला हवा.

सहावी पायरी: हाताची सवय

ही पायरी वॉर्डातच सुरू व्हावी. "टाके निघाल्यावर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा" असं कागदावर लिहून दिलं तर बहुतेक कुटुंबं जात नाहीत, कारण गोळा निघाला म्हणजे आजार संपला असं त्यांना वाटतं. मन तसंच राहिलं तर गोळा पुन्हा होतो.

ज्या उपचाराचा सर्वांत चांगला अनुभव आहे तो सवय-पालटाचा. अझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये तो मांडला. त्यात तीन गोष्टी असतात. हात कधी, कुठे, कोणत्या क्षणी वर जातो हे मुलीने स्वतः ओळखायला शिकायचं. ती ओढ आली की मिनिटभर दुसरं काहीतरी करायचं ज्यात हात गुंततील: मूठ आवळणं, चेंडू दाबणं, विणकाम. आणि घरातल्या एकाने, फक्त एकाने, प्रेमाने साथ द्यायची. आठवण करून देण्यासाठी दोघींमधला खुणेचा शब्द ठरवा. "हात खाली घे!" असं घरभर ओरडणं म्हणजे साथ नव्हे.

घरी करण्यासारखं बरंच आहे. तेल लावून घट्ट वेणी, झोपताना रुमाल, अभ्यासाच्या वेळी बोटांना चिकटपट्टी, एकटीने टीव्हीसमोर बसण्याचे तास कमी. मुंडण करून टाकणं हा उपाय नाही. दहा वर्षांच्या मुलीसाठी ती शिक्षा आहे, आणि केस परत आले की हातही परत जातो. तिची स्वतःची इच्छा असेल तर केस आखूड कापा.

औषधांबद्दल: एन-ॲसिटिलसिस्टीनचा 2009 च्या अभ्यासात मोठ्यांना फायदा झाला, पण 2013 मध्ये मुलांवर तपासल्यावर ते औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा (प्लासिबो) सरस ठरलं नाही. नैराश्य किंवा चिंता सोबत असेल तर तज्ज्ञ वेगळी औषधं देतात.

ओढीमागे काय आहे तेही हळूच बघावं. घरातली भांडणं, जवळच्याचा मृत्यू, नवं वसतिगृह, शाळेतली चेष्टा, कुणी दिलेला त्रास. शेवटची शक्यता वाटली तर 1098 या बालकांच्या हेल्पलाइनवर बोला. गावाजवळ मानसोपचार नसेल तर 14416 ही टेली मानस सेवा फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. आईला मात्र कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं की हे तिच्या दुर्लक्षामुळे झालेलं नाही. वॉर्डात रात्री जागणारी प्रत्येक आई हाच प्रश्न स्वतःला विचारत असते.

पुढचं वर्ष

पहिल्या महिन्यात, मग तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात दाखवा. दर वेळी वजन आणि हिमोग्लोबिन बघायचं. लोहाची गोळी डॉक्टर सांगतील तितके महिने पूर्ण करायची. पोटदुखी, उलटी किंवा चार घासांत पोट भरणं परत सुरू झालं तर तारखेची वाट न पाहता सोनोग्राफी.

आणि दर भेटीत, तिची परवानगी घेऊन, डोक्यावरची ती विरळ जागा बघा. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. तिसऱ्या महिन्यात तिथे तीनेक सेंटीमीटरचे, सारख्या लांबीचे केस उभे असले तर हात थांबला आहे. लांबी कमीजास्त असेल, मधे खुंट टोचत असतील, तर हात अजून जातोय. तेव्हा तिला न रागावता समुपदेशकाची पुढची तारीख त्याच आठवड्यात घ्या.